लिनक्सवरचं ॲप मधेच बंद पडतंय? लॉग आणि बॅकट्रेस कसे गोळा करायचे

सोलापुरात मी ज्यांचे लिनक्सचे पीसी बघतो त्यांत नवी पेठेतली डीटीपी आणि फ्लेक्सची दुकानं आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्यांच्या डिझाईन खोल्या आहेत, शिवाय काही अभ्यासिका. कामं वेगळी, ॲप वेगळी, पण फोनवरची तक्रार एकच: "अण्णा, ते आपोआप बंद होतंय." या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. मी नाही आणि ते ॲप लिहिणारा प्रोग्रामर तर नाहीच नाही. त्याला बॅकट्रेस लागतो, म्हणजे ॲप कोसळलं त्या क्षणी कुठलं फंक्शन चालू होतं आणि त्याला कुणी बोलावलं होतं याची साखळी. ती मिळवायची रीत खाली देतो. मात्र निम्म्याहून जास्त वेळा तिथवर जावंच लागत नाही, म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी.

आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. कॅपिटल लागतं तिथे तसं लिहिलंय. ‘सीटीएल’ने संपणाऱ्या नावांत मधे जागा सोडायची नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

पहिला प्रकार: खिडकी काही न बोलता गायब. ना चौकट, ना सूचना. हा खरा क्रॅश असू शकतो, किंवा मेमरी संपली म्हणून सिस्टिमनेच ॲप मारलेलं असू शकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पुरावा मात्र वेगवेगळ्या जागी असतो.

दुसरा: खिडकी आहे, पण गोठलीय. करडी पडते, ‘प्रतिसाद देत नाही’ अशी चौकट येते. हा क्रॅश नव्हे. इथे कोअर फाईल (ॲप पडलं त्या क्षणीची त्याची मेमरी साठवलेली फाईल) आपोआप तयार होत नाही. ‘जबरदस्तीने बंद करा’ दाबलंत की पुरावाही गेला.

तिसरा: आयकॉनवर क्लिक केलं, चक्र फिरलं, थांबलं, पुढे शांत. ॲप सुरू होतानाच पडतंय. याचं कारण बहुधा टर्मिनलवर एका ओळीत मिळतं.

चौथा: ॲपबरोबर सगळंच जातं आणि लॉगिनची स्क्रीन समोर येते. इथे ॲपला दोष देऊ नका. डिस्प्ले सर्व्हर (स्क्रीनवर सगळ्या खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळलाय, त्यावर उभी असलेली सगळी ॲप त्याच्यासोबत गेली.

पाचवा: आज ब्राउझर, उद्या फोटोचं ॲप, परवा फाईल मॅनेजर. रोज नवं काहीतरी. हे ऐकलं की माझा हात सॉफ्टवेअरकडे जातच नाही, पेचकसाकडे जातो.

पडलं की लगेच घड्याळ बघा

मिनिटापर्यंत वेळ कागदावर लिहा. कुठली फाईल उघडी होती, शेवटचं काय केलं, तेही. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, तासाला हजारो ओळी साठतात. वेळ माहीत असेल तर त्यातल्या वीस बघायच्या असतात, नसेल तर सगळ्या. "दुपारी कधीतरी" यावर शोधाशोध करणं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत हरवलेलं पोर नाव न सांगता शोधणं.

आणि एक गोष्ट करू नका: लगेच अपडेट मारू नका. अपडेटने दोष जाऊ शकतो, मान्य. पण कोअर फाईल ज्या नेमक्या बिल्डची असते त्याच बिल्डची चिन्हं (मेमरीतल्या पत्त्यांना फंक्शनांची नावं जोडणारी माहिती) तिला लागतात. मधे पॅकेज बदललं की जुनी कोअर वाचणं फार किचकट होतं. आधी पुरावा काढा, मग अपडेट.

डिस्क आणि मेमरी

‘डीएफ -एच’ चालवा. मूळ विभाग किंवा ‘/होम’ शंभर टक्क्यांवर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. ॲपला तात्पुरती फाईल लिहिता येत नाही आणि पुष्कळ ॲप ही चूक नीट हाताळत नाहीत, सरळ पडतात. ‘डीएफ -आय’ही बघा. जागा शिल्लक असून आयनोड (प्रत्येक फाईलमागे लागणारी एक नोंद) संपलेले असू शकतात. लहानसहान थंबनेल लाखोंनी साठले की हे होतं.

मग ‘फ्री -एच’. फ्लेक्सच्या दुकानांत इथेच उत्तर मिळतं. हिशेब करून बघा. दहा बाय वीस फुटांचा बॅनर, १०० डीपीआयला, म्हणजे १२,००० गुणिले २४,००० पिक्सेल: २८ कोटी ८० लाख. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एक थर १.१५ जीबीच्या आसपास जातो. चार थर टाकले की साडेचार जीबी पार, आणि अनडूचा साठा त्याहून वेगळा. कुणीतरी "क्वालिटी पायजे" म्हणून तोच बॅनर ३०० डीपीआयला घेतला की सगळं नऊपट. आठ जीबीच्या पीसीवर हे चालणारच नाही, आणि त्यात ॲपचा काही गुन्हा नाही. फ्लेक्स लोक रस्त्याच्या पलीकडून बघतात, त्याला ३०० लागत नाही.

मेमरीमुळेच मेलं याची खात्री करायला: ‘सुडो जर्नलसीटीएल -के’ आणि त्यात ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ ही ओळ शोधा. उबंटू २२.०४ पासूनच्या डेस्कटॉपवर आणि फेडोरा ३४ पासून ‘सिस्टिमडी-ओओएमडी’ नावाची सेवाही हेच काम आधीच करते. तिची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये नसते, साध्या जर्नलमध्ये असते. या दोन्हीत ॲपला सिग्नल ९ (‘आत्ताच्या आत्ता बंद हो’ असा सिस्टिमचा हुकूम) मिळतो, आणि सिग्नल ९ ने कोअर तयार होत नाही. म्हणून इथे बॅकट्रेस शोधत बसू नका, तो कधी नव्हताच.

टर्मिनलमधून चालवा

आयकॉनवरून ॲप सुरू केलं की ते जे काही ओरडतं ते तुमच्या डोळ्यांसमोर येत नाही. टर्मिनलमधून चालवलं की येतं. मी असं करायला सांगतो:

‘स्क्रिप्ट क्रॅश.टीएक्सटी’ चालवा. आता टर्मिनलवर जे दिसेल ते सगळं या फाईलमध्ये उतरेल. मग ॲपच्या नावाआधी ‘एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८’ (सगळी अक्षरं कॅपिटल) लिहून एक जागा सोडून ॲप चालवा. ॲप पडलं की ‘इको $?’ टाइप करा, आकडा बघा आणि ‘एक्झिट’ करा.

तो ‘एलसी_ऑल’ कशाला? तुमचा डेस्कटॉप मराठीत असेल तर त्रुटीचे संदेशही मराठीत येतात. वाचायला बरं वाटतं, पण प्रोग्रामर तो संदेश आपल्या कोडमध्ये शोधतो आणि त्याला तो सापडत नाही. नुसतं ‘सी’ लिहू नका, ‘यूटीएफ-८’ जोडाच. नाहीतर मराठी नावांच्या फाईली वाचताना काही ॲप वेगळीच चूक दाखवतात आणि तुम्ही भलत्याच मागे लागता.

‘इको $?’चा आकडा फार मोलाचा आहे. १२८ वजा करा, सिग्नल मिळतो. १३९ म्हणजे ११: ॲपने नको त्या मेमरीत हात घातला, हाच सेगफॉल्ट. १३४ म्हणजे ६: ॲपला आतच काहीतरी अशक्य दिसलं आणि त्याने स्वतःहून मान टाकली. याच्या आधीच्या ओळीत कारण लिहिलेलं असतं, तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची. १३७ म्हणजे ९: बाहेरून मारलं, मेमरीकडे परत जा. १३५ म्हणजे ७: बस एरर. वाचत असलेली फाईल मधेच आखूड झाली, किंवा डिस्क वाचता येईना. १३२ म्हणजे ४: प्रोसेसरला ही सूचनाच कळत नाही. जुन्या पीसीवर नव्या प्रोसेसरसाठी बांधलेलं ॲप टाकलं की हे होतं, आणि त्यावर उपाय म्हणजे त्या पीसीला चालणारं बिल्ड. शून्य आला तर ॲप आपल्या मर्जीने बंद झालं.

शून्य आणि तेही क्षणात? मग बहुधा जुनी प्रत मागे चालू आहे. बरीच ॲप दुसऱ्यांदा सुरू केली की काम पहिल्या प्रतीकडे सोपवून निघून जातात. ती प्रत आधी पूर्ण बंद करा. आणि लॉगसाठी ‘स्क्रिप्ट’ऐवजी पाइप लावून ‘टी’ वापरलंत तर ‘इको $?’ त्या ‘टी’चा आकडा दाखवेल, ॲपचा नाही.

जीटीके आणि क्यूट ही खिडक्या-बटणं काढणारी तयार साधनं, ॲप त्यांवर बांधलेली असतात. जीटीके ॲप ‘वॉर्निंग’च्या ओळी सतत ओकत असतात. त्यांना घाबरू नका, माझ्या चांगल्या चालणाऱ्या पीसीवरही त्या येतात. ‘क्रिटिकल’ दिसलं तर लक्ष द्या, आणि शेवटच्या पाच-दहा ओळी जपून ठेवा. जास्त बोलकं करायचं असेल तर जीटीके ॲपसाठी ‘जी_मेसेजेस_डीबग=ऑल’ (डावी बाजू कॅपिटल), क्यूट ॲप सुरूच होत नसेल तर ‘क्यूटी_डीबग_प्लगइन्स=१’ (कॅपिटल).

फॉन्ट आणि जुनी सेटिंग

मराठी काम करणाऱ्या दुकानांत ही तपासणी सोडू नका. युनिकोडपूर्वीच्या काळातले फॉन्ट पेन ड्राइव्हवरून या दुकानातून त्या दुकानात फिरत आलेत. काही अर्धवट कॉपी झालेले, काही कुणीतरी नाव बदलून ठेवलेले. ॲप फॉन्टची यादी उघडतं, एका खराब फाईलवर अडखळतं आणि पडतं. लक्षण ठरलेलं: मजकुराचं साधन निवडलं किंवा फॉन्टच्या यादीवर माउस नेला की खेळ खलास.

‘~/.लोकल/शेअर/फॉन्ट्स’ आणि जुना ‘~/.फॉन्ट्स’ या फोल्डरांची नावं बदला (पुसू नका), ‘एफसी-कॅश -एफव्ही’ चालवा, ॲप परत सुरू करा. चाललं? मग फॉन्ट अर्धे-अर्धे करून परत टाकत जा. पाचशे फॉन्ट असले तरी नऊ फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो.

फॉन्ट नसेल तर सेटिंग. सोपा मार्ग म्हणजे पीसीवर नवा वापरकर्ता तयार करून त्यात ॲप चालवून बघणं. तिथे चाललं तर दोष ॲपमध्ये नाही, तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये आहे. मग ‘~/.कॉन्फिग’मधलं त्या ॲपचं फोल्डर बाजूला सारा. फ्लॅटपॅकवरून (ॲप त्याच्या लायब्ररींसकट वेगळ्या पुडक्यात देणारी पद्धत) घेतलेलं ॲप असेल तर ते सगळं ‘~/.वर/ॲप’ खाली असतं. लिब्रेऑफिसला यासाठी वेगळा ‘--सेफ-मोड’ आहे, तो आधी वापरा. आणि नव्या वापरकर्त्यातही ॲप पडलं तर उत्तमच. आता कुणालाही दाखवता येईल असा दोष तुमच्या हातात आहे.

जर्नल

‘जर्नलसीटीएल --सिन्स’ आणि पुढे अवतरणात वेळ. कागदावर लिहिलेली वेळ इथे कामाला येते. पीसी रीस्टार्ट झाला असेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ आधीच्या बूटच्या नोंदी दाखवतं. काहीच दाखवत नसेल तर तुमचं जर्नल फक्त रॅममध्ये राहतंय. ‘/वर/लॉग/जर्नल’ हे फोल्डर रूटने तयार करा आणि पीसी रीस्टार्ट करा, पुढच्या वेळेपासून टिकेल.

कर्नलच्या नोंदींत सेगफॉल्टची एक ओळ असते. तिच्यात शेवटी ‘इन’ या शब्दानंतर लायब्ररीचं नाव येतं. गुन्हेगार तोच असं नाही, पण प्रेत तिथे सापडलं एवढं नक्की. ‘सेगफॉल्ट ॲट ०’ असेल तर रिकाम्या पॉइंटरवर गेलं, हा सरळ ॲपचा बग. नावात ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा ‘मेसा’ची (लिनक्सवरचं ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) लायब्ररी दिसली तर ॲप एकदा ‘लिबजीएल_ऑलवेज_सॉफ्टवेअर=१’ (कॅपिटल) लावून चालवा. हळू चालेल, पण न पडता चाललं तर दोष ड्रायव्हरच्या बाजूला आहे हे ठरलं. नावात ‘फ्रीटाइप’, ‘हार्फबझ’ किंवा ‘पँगो’ दिसलं तर परत फॉन्टकडे या.

कोअर कुठे जाते

‘कोअर डम्प्ड’ असं टर्मिनल म्हणतं आणि लोक त्याच फोल्डरमध्ये फाईल शोधत बसतात. कुठे जाते ते ‘कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न’ सांगतं. उभी रेघ दिसली तर तिच्यापुढे लिहिलेल्या प्रोग्रामकडे कोअर जाते. तिथे नुसतं ‘कोअर’ असेल तर चालू फोल्डरमध्ये जाते, पण त्यासाठी त्याच टर्मिनलमध्ये आधी ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ द्यावं लागतं, कारण मूळ मर्यादा बहुतेक ठिकाणी शून्य असते.

उबंटूवर बहुधा ‘ॲपोर्ट’ दिसेल. त्याचे अहवाल ‘/वर/क्रॅश’मध्ये पडतात. पण हा गडी मुख्यतः उबंटूच्या स्वतःच्या पॅकेजांची दखल घेतो. तुम्ही संकेतस्थळावरून उतरवून टाकलेलं ॲप पडलं तर बऱ्याचदा काहीच ठेवत नाही. म्हणून मी उबंटू आणि डेबियनच्या पीसीवर ‘सिस्टिमडी-कोअरडम्प’ पॅकेज टाकून ठेवतो. फेडोरा आणि आर्चवर ते आधीपासून असतं.

ते असलं की काम सोपं. ‘कोअरडम्पसीटीएल लिस्ट’ म्हटलं की पडलेल्या ॲपची यादी वेळेसह येते. ‘कोअरफाईल’च्या रकान्यात ‘प्रेझेंट’ हवं. ‘मिसिंग’ असेल तर ती साफ झाली, ‘ट्रंकेटेड’ असेल तर ती मर्यादेपेक्षा मोठी होती म्हणून तुकडाच उरलाय. या फाईली काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. "मागच्या महिन्यात पडलं होतं" असं सांगून उपयोग नाही, त्याच आठवड्यात काढून घ्या. ‘कोअरडम्पसीटीएल इन्फो’ आणि पुढे प्रोसेसचा क्रमांक दिला की छोटा बॅकट्रेस तिथेच दिसतो. कित्येकदा तेवढाच पुरतो.

जीडीबी: प्रश्नचिन्हं घालवा

‘कोअरडम्पसीटीएल डीबग’ आणि क्रमांक दिला की जीडीबी (ॲपच्या आत डोकावायचं प्रोग्रामरांचं साधन) उघडतं. त्यात ‘बीटी’ टाइप करा. समोर फंक्शनांच्या नावांऐवजी दोन-दोन प्रश्नचिन्हं दिसली तर तो बॅकट्रेस कुणालाही पाठवू नका. पॅकेज लहान राहावं म्हणून वितरणवाले (उबंटू, फेडोरा वगैरे बनवणारे) डीबगची चिन्हं वेगळी काढून ठेवतात, आणि ती नसताना पत्त्यांचे आकडे फक्त तुमच्या पीसीपुरते खरे असतात.

पूर्वी यासाठी डीबगची पॅकेजं एकेक शोधून टाकावी लागायची. आता ती चिन्हं नेटवरून आपोआप आणून देणारं ‘डीबगइन्फोडी’ आहे. जीडीबी दहाव्या आवृत्तीपासून ते वापरू शकतं. डेबियन, उबंटू, फेडोरा, आर्च या सगळ्यांचे याचे सर्व्हर आहेत, आणि जीडीबी उघडताना "चालू करू का" असं विचारतं. हो म्हणा. विचारलं नाही तर ‘सेट डीबगइन्फोडी एनेबल्ड ऑन’. मोठ्या ॲपची चिन्हं शेकडो एमबी असतात, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा उद्योग करू नका.

मग याच क्रमाने: ‘सेट पेजिनेशन ऑफ’, ‘सेट लॉगिंग फाईल’ आणि फाईलचं नाव, ‘सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन’ (जुन्या जीडीबीत नुसतं ‘सेट लॉगिंग ऑन’), आणि शेवटी ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल’. सगळे थ्रेड (ॲपच्या आत एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं) का? कारण पडलेला थ्रेड कधीकधी फक्त बळी असतो. मेमरी खराब करणारा दुसराच असतो आणि तो त्या क्षणी शेजारी आरामात उभा असतो.

वाचताना एक ध्यानात घ्या. सिग्नल ६ असेल तर वरच्या तीन-चार ओळी ‘रेझ’, ‘अबॉर्ट’ असल्या असतात. त्या मरणाच्या रीतीच्या आहेत, कारणाच्या नाहीत. खाली या, जिथे पहिल्यांदा ॲपचं स्वतःचं फंक्शन दिसतं तिथे थांबा.

कोअर मिळालीच नाही तर ॲप जीडीबीतूनच चालवा: ‘जीडीबी --आर्ग्ज’ आणि ॲपचं नाव, मग ‘रन’, पडेपर्यंत वापरा, मग वरचाच क्रम. जीटीके ॲप असेल तर आधी ‘जी_डीबग=फेटल-क्रिटिकल्स’ (डावी बाजू कॅपिटल) लावा, म्हणजे पहिल्याच ‘क्रिटिकल’वर ते थांबेल, पुढे जाऊन भलतीकडे पडणार नाही. मात्र काही निरुपद्रवी ‘क्रिटिकल’वरही थांबेल, तेव्हा चिडू नका. जीडीबीत चालवलं की पडतच नाही असाही प्रकार होतो. जीडीबी पत्त्यांची उलटापालट बंद करतं म्हणून. ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ करून परत बघा.

लिब्रेऑफिसला ‘--बॅकट्रेस’ असा पर्याय आहे, तो ट्रेस ‘जीडीबीट्रेस.लॉग’ फाईलमध्ये लिहितो. जिंप २.१० पासून पडताना स्वतःच खिडकीत ट्रेस दाखवतं, तो कॉपी करून घ्या, घाईत बंद करू नका. फ्लॅटपॅकच्या ॲपला साधं जीडीबी पुरत नाही, कारण त्याच्या लायब्ररी वेगळ्या असतात. त्याच्यासाठी ‘फ्लॅटपॅक-कोअरडम्पसीटीएल’ आहे, आणि ॲपच्या ओळखनावापुढे ‘.डीबग’ (यातला ‘डी’ कॅपिटल) लावलेला भाग वेगळा टाकावा लागतो.

गोठलेलं ॲप

मारू नका. आधी ‘टॉप’मध्ये बघा. प्रोसेसर शंभर टक्के खात असेल तर कुठेतरी गोल फिरतंय, शून्य असेल तर कशाची तरी वाट बघतंय. मग ‘पीएस -ओ स्टॅट,डब्ल्यूचॅन -पी’ आणि क्रमांक. पहिल्या रकान्यात कॅपिटल ‘डी’ आला आणि तसाच राहिला तर ॲप डिस्क किंवा नेटवर्कवर अडकलंय.

कारखान्यांच्या डिझाईन खोल्यांत हे फार. डिझाईनच्या फाईली पलीकडच्या ऑफिसातल्या विंडोजच्या पीसीवर शेअर केलेल्या असतात, संध्याकाळी कुणीतरी तो पीसी बंद करून घरी जातो, आणि इकडे फाईल उघडी असलेलं ॲप थिजतं. त्यावर जीडीबी लावूनही उपयोग नाही. पलीकडचा पीसी चालू करा, इकडे जीव येतो.

‘डी’ नसेल तर ‘सुडो जीडीबी -पी’ आणि क्रमांक. ‘सुडो’ लागतो, कारण उबंटूवर स्वतःच्याच दुसऱ्या प्रोसेसलाही असं चिकटायची परवानगी नसते. वरचाच ट्रेस काढा, ‘डिटॅच’ करा, थोडं थांबा, परत चिकटा, परत काढा. दोन्ही वेळा सगळे थ्रेड तिथेच उभे असतील तर एकमेकांची वाट बघत अडकलेत. दर वेळी वेगळ्या जागी दिसले तर काम चालू आहे, फक्त संपत नाहीये. प्रोग्रामरला हा फरक सांगितलात तर त्याचं निम्मं काम झालं.

दर वेळी वेगळा ट्रेस

एकाच ॲपचे ट्रेस काढले आणि एकात फॉन्ट, दुसऱ्यात चित्र, तिसऱ्यात भलतंच काही, तर सॉफ्टवेअर सोडा. रॅम तपासा. ‘मेमटेस्ट८६+’ बूटच्या यादीतून रात्रभर चालवा. सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही (नव्या पीसींची बूट होण्याची पद्धत) चालतं. एकही लाल ओळ आली तर रॅम बदलायची, "एकच तर आहे" म्हणायचं नाही.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडखालच्या खोलीत पीसीच्या आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. टॉवेल कारखान्यांत तर सुताची रुई पंख्यात आणि हीटसिंकवर बसून घट्ट थर होतो. ‘सेन्सर्स’ने तापमान बघा. दुपारीच पडतं आणि सकाळी पडत नाही, तर आधी झाकण उघडून फुंकणी मारा. जर्नलमध्ये ‘एमसीई: हार्डवेअर एरर’ किंवा ‘आय/ओ एरर’ शोधा. ‘स्मार्टसीटीएल -ए’मध्ये ‘रीॲलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत असेल तर डिस्क निघायच्या तयारीत आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

‘आय/ओ एरर’ दिसला आणि कामाची दुसरी प्रत नसेल तर काहीही चालवू नका. ना तपासणी, ना दुरुस्ती. पीसी बंद करा आणि डेटा वाचवणाऱ्याकडे न्या. प्रत्येक वाचन त्या डिस्कचं आयुष्य कमी करतं.

एमसीईच्या ओळी येत असतील, किंवा रॅम बदलूनही मेमटेस्ट पास होत नसेल, तर पुढचा संशय एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्डवर जातो. एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नाही, त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहतात. हार्डवेअरवाल्याला द्या.

सगळं सेशनच कोसळत असेल आणि सॉफ्टवेअर रेंडरिंग (वर सांगितलेलं ‘लिबजीएल’वालं) लावूनही थांबत नसेल, तर जर्नल जपा आणि लिनक्स येणाऱ्या माणसाला बोलवा. ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नलमधून बदलणं लग्नसराईच्या गर्दीत, पत्रिकांचं काम अडलेलं असताना, स्वतः शिकत करायची गोष्ट नाही.

आणि प्रश्नचिन्हं नसलेला, सगळ्या थ्रेडचा ट्रेस हातात आला की तुमचं काम संपलं. पुढचं प्रोग्रामरचं. व्हॅलग्राइंड (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) वगैरे तो सांगेल तर चालवा, आपण होऊन नको.

काय पाठवायचं, काय नाही

पाठवा: ट्रेसची मजकूर फाईल, ‘स्क्रिप्ट’ने धरलेली फाईल, ॲपची आवृत्ती, वितरणाचं नाव आणि आवृत्ती, डिस्प्ले सर्व्हर वेलँड की एक्स११, ॲप एपीटीचं की फ्लॅटपॅकचं की स्नॅपचं, आणि पडायच्या आधीच्या कृती क्रमाने. स्क्रीनचा फोटो नको, त्यातून मजकूर शोधता येत नाही.

कोअर फाईल कधीही पाठवू नका. ती म्हणजे त्या क्षणीची ॲपची सगळी मेमरी: उघडलेली कागदपत्रं, टाइप केलेले पासवर्ड, सगळं. डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाइकाचं आधार कार्ड नाहीतर जमिनीचा दस्त उघडा असतो. ‘बीटी फुल’च्या मजकुरातही फाईलींची नावं आणि मजकुराचे तुकडे येतात, ते आधी वाचून खोडा. फारच आग्रह झाला तर कोऱ्या फाईलवर दोष परत घडवून तिची कोअर द्या.

उत्तर आलं आणि दोष नव्या आवृत्तीत गेलाय असं कळलं की आता अपडेट मारा. आणि ‘/वर/लिब/सिस्टिमडी/कोअरडम्प’ आणि ‘/वर/क्रॅश’मधल्या जुन्या फाईली पुसा. एकेक फाईल जीबीची असू शकते, आणि मूळ विभाग भरला की ‘डीएफ -एच’वाली तपासणी परत करावी लागेल.